संपलं तर…

तिचं पत्र आलं तेव्हा आभाळ भरलेलं होतं. उत्तर न देताच तो हिवाळ्यापर्यंत येऊन पोचला. पत्र जेमतेम चार ओळींचं. ‘इथल्या वर्कशॉपात बरं चाललंय. संध्याकाळी मात्र करमत नाही. यायचं असेल तर कळवा, नसेल तर तेही कळवा. गप्प बसू नका. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावून मी दमले.’

त्यानं उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. पण एक ‘परंतु’ आला की त्याच्यामागे दुसरा येई, पानं वाढत जात, आणि शेवटी सगळं फाडून तो वाचनालय उघडायला निघे. तो ग्रंथपाल होता. भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीमुळे मुलं त्याला पाठीमागे ‘शांतता’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि थोडं पटतही होतं.

ती पहिल्यांदा भेटली पेट्रोल पंपावर. मळकट संध्याकाळ, बारीक झिमझिम, दिव्यांभोवती धुकं. तिथं पेट्रोल ज्याचं त्यानंच भरायचं. त्याच्या जुन्या गाडीत नोझल घातलं की लगेच टक् करून बंद पडायचं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. मागची रांग हॉर्न वाजवू लागली. तेवढ्यात रांगेतल्या एका गाडीतून ती उतरली, काही न विचारता नोझल हातात घेतलं, जरा बाहेर ओढून तिरकं धरलं आणि बारीक धार सोडली.

“कधीपासून असं होतंय?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि कुणाला दाखवलं नाहीत?”

“वाटलं… माझंच धरायचं चुकत असेल.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हसू ओठांतच दाबलं. “उद्या गॅरेजवर आणा. पंपामागेच आहे, माझ्या बाबांचं.”

गॅरेजवर तिनं आधी टाकीच्या तोंडाची नळी बदलली. काही फरक पडला नाही. ती स्वतःवरच चिडली. दुसऱ्या दिवशी तो गाडीची पुस्तिका घेऊन आला, पानात खुणेचा कागद घालून. “इथं लिहिलंय — पहिल्यांदा बंद पडलं की भरणं थांबवावं.”

“मग थांबता ना तुम्ही?”

“नाही… म्हणजे, आणखी थोडं, आणखी थोडं. काठापर्यंत. रस्त्यात संपलं तर…”

“कधी संपलंय?”

“नाही.”

“मग?”

“संपलं तर…”

ती गाडीखाली सरकली आणि एक काळा डबा काढून आणला. तो ट्रेमध्ये कलता केला, तर त्यातून पेट्रोल ठिबकू लागलं. “टाकीतली हवा या डब्यातून बाहेर पडते. आत कोळसा असतो, त्यानं फक्त वाफ धरायची. तुम्ही त्याला पेट्रोल पाजलंत. हवेला वाट नाही, मग पेट्रोल आत शिरणार कुठून? हे बघा ग्रंथपाल, हे तुमचं ‘संपलं तर’.”

नवा डबा बसवून दोघं पंपावर गेले. टाकी भरली, टक् झालं. त्याचा हात सवयीनं पुन्हा नोझलकडे वळला. तिनं आपला ग्रीसनं माखलेला हात त्यावर ठेवला. “बस.”

हात दोघांनीही लगेच काढला नाही.

मग ती संध्याकाळी वाचनालयात येऊ लागली. मासिकांच्या पानांवर तिच्या अंगठ्याचे काळे ठसे उमटत. नियमानं त्यानं दंड लावायला हवा होता.

“लावा की,” ती म्हणे, “नाहीतर लोक म्हणतील, शांततेचा माझ्यावर जीव जडलाय.”

तो कपाटाआड जाऊन पुस्तकं उगीच सरळ करी.

दूरच्या शहरात मोठ्या वर्कशॉपातली नोकरी लागली, ते सांगायला ती आली. “चांगलं झालं,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“रस्ता ओला आहे… सांभाळून जा.”

आता हिवाळ्यात तो दुरुस्तीला दिलेली गाडी आणायला गॅरेजवर गेला, तर आत खोकी बांधलेली. भिंतीवर पान्यांच्या जागी नुसते खिळे.

“आवरतं घेतलं,” तिचे बाबा म्हणाले. “परवा लेकीकडे चाललो. तिला काय सांगू?”

“सांगा… बरं आहे.”

“ते मी नाही सांगणार.” म्हाताऱ्यानं फडक्याला हात पुसले. “पोरगी जेवता जेवता उठून पत्राची पेटी बघून येते. तुमचं ‘नाही’ आलं तर पचवेल ती. पण हे लटकत ठेवणं बरं नव्हे. चिठ्ठी द्या, खिशात घालून नेतो.”

बाहेर ऊन कलत होतं. 

“नको काका. पोस्टानं पाठवतो.”

“का? माझ्यावर भरवसा नाही?”

“माझ्यावर नाही. तुमच्या हाती दिली तर मी परत मागून घेईन.”

पोस्टाच्या खिडकीशी उभ्या उभ्या त्यानं लिहिलं : ‘यायचं आहे. भीती वाटते, तरी यायचं आहे. रविवारी निघतो.’

खाली पुष्कळ जागा उरली होती. ती त्यानं तशीच ठेवली, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.