शेडगेबाईंचं नाक

राज्यातल्या चार हजार प्रयोगशाळांत शेडगेबाईंचं नाक बसवलेलं होतं, आणि खुद्द शेडगेबाई मिरजेत निवृत्त होऊन बसल्या होत्या.

विषारी वाफांची कामं काचेच्या कपाटात चालतात. तिथली हवा कोळशाच्या गाळणीतून खोलीतच परत सोडतात. कोळसा म्हणजे धर्मशाळा. लाखो बारीक खोल्या. वाफेचा कण येतो नि खोली धरून बसतो. खोल्या भरल्या की पुढचा पाहुणा थेट काम करणाऱ्याच्या छातीत. पण धर्मशाळा भरली कधी, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून डॉ. पाटणकरांनी नाकपट्टी काढली: माणसाच्या नाकातल्या, वास ओळखणाऱ्या पेशी वाढवून केलेली बोटभर फीत. गाळणीवर चिकटवायची, वाफ निसटली की पांढरी पट्टी जांभळी होते. जांभळी झाल्याशिवाय गाळणी बदलायची नाही, असा नियमच झाला.

पेशी कुणाच्या घ्यायच्या, हा प्रश्नच नव्हता. पाटणकरांच्याच प्रयोगशाळेत शेडगेबाई रोज सकाळी झायलीन या विषारी द्रावकाच्या कपाटाच्या माथ्याशी नाक नेऊन, डोळे मिटून हुंगायच्या. त्या "बदला" म्हणाल्या की गाळणी बदलायची. पंधरा वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या.

आज त्या पाटणकरांसमोर बसल्या होत्या. लेक केतकी सांगलीच्या एका तपासणी केंद्रात दिवसभर झायलीन हाताळायची. महिनाभर तिचं डोकं ठणकत होतं. आता बोटंही बधिर झाली होती.

"पट्टी पांढरी आहे ना?" पाटणकरांनी विचारलं.

"आहे. त्याचीच तर भीती वाटते."

"कमाल आहे बाई! स्वतःच्या नाकावर विश्वास नाही?"

"डॉक्टर, झायलीनचा वास मला येतच नव्हता. हुंगून हुंगून पहिल्या पाच वर्षांतच गेला."

"मग 'बदला' कशावरून म्हणायचात?"

बाईंनी पिशवीतून जुनी वही काढली. उघडलेल्या प्रत्येक बाटलीमागे एक रेघ. पान भरलं की गाळणी भरली असं धरायचं, नि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून हुंगायचं सोंग करून 'बदला' म्हणायचं. "रेघा ओढणाऱ्या बाईला कोण विचारतं? शाल नाकवाल्या बाईला मिळाली."

"अहो, पण पेशी घेण्याआधी आपण तुमच्या नाकाची परीक्षा घेतली होती!"

"बाकी सगळ्या वाफांची घेतलीत. झायलीनपाशी आलात नि म्हणालात, यात बाईंची काय परीक्षा घ्यायची! मीही लाजून हसले."

पाटणकरांनी झायलीनची बाटली उघडून वर नवी पट्टी धरली. खोलीभर वास झाला, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पट्टी परीटघडीसारखी पांढरी.

त्यांनी बूच घट्ट लावलं. "हे वर नीट मांडावं लागेल. समिती बसेल. तोवर बोलू नका कुठे. तुमच्याही अब्रूचा प्रश्न आहे."

अब्रूच तर बाईंनी इतकी वर्षं सांभाळली होती. बाहेर येऊन त्यांनी फोन लावला.

"केतू, कपाटातून हात काढ. गाळणी भरलीय."

"पट्टी पांढरी आहे गं."

"तुला वास येतो की नाही?"

"येतो. सगळ्यांनाच येतो. मॅडम म्हणतात, वास मनाचे असतात, पट्टी शास्त्राची."

"ते नाक मेलेलं आहे, केतू. माझं नाक मेलेलं आहे."

"झाला का तुझा विनय सुरू? पंधरा वर्षांत एकदा तरी चुकलीस का?"

चुकल्या नव्हत्या. तेवढं मात्र खरं होतं. केतकीने हसत फोन ठेवला. कामाला दोन्ही हात लागतात.