नव्वदाव्या दिवसाचा फोन

हे घडलेलं आहे. ज्यांना थट्टा करायची त्यांनी खुशाल करावी. माझी आतेबहीण लहानपणी इतकी कर्कश बोलायची की घरात सगळे तिला टिटवीच म्हणत. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते.

टिटवी एका बेटावर, धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसायची. दुपारी एकची बोट सुटली की चारपर्यंत तिथे चिटपाखरू नसायचं.

तिच्या काकूच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचं म्हणून काकूला बेट सोडून शहरात खोली घ्यावी लागली. जाताना तिने आपला जुना फोन टिटवीच्या हातात ठेवला. त्यातलं प्रीपेड कार्ड बेटाबाहेर चालत नव्हतं. आणि नव्वद दिवसांत एकदाही त्यावरून फोन लावला नाही, तर नंबर कायमचा बंद.

“दादाला तेवढा एकच नंबर पाठ आहे गं,” काकू म्हणाली. “जपशील ना?”

दादा म्हणजे काकूचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. सगळ्यांनी आशा सोडली, काकूने नाही सोडली. टिटवीला नकार देववेना.

फोन ती खिडकीतल्या खणात चार्ज करून ठेवायची. दर नव्वदाव्या दिवशी त्यावरून स्वतःच्या मोबाइलवर फोन लावायचा, उचलायचा, मनात दहा मोजायचे, ठेवून द्यायचा. दोन्ही फोन जवळ आले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजायची.

तीनदा सगळं सुरळीत झालं.

चौथ्यांदा मंगळवार होता. भर दुपार, लख्ख ऊन. टिटवीने फोन लावला, आपला उचलला...

शिट्टी वाजलीच नाही.

पलीकडे पाणी हलत होतं. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी हलावं तसं.

तिने दुसऱ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तो कोरडा ठणठणीत होता.

मग...

“आई?”

दादाचा आवाज. तिने तो शंभर जणांत ओळखला असता.

“आई, दर वेळी फोन करतेस आणि काहीच बोलत नाहीस.”

टिटवीने दचकून फोन कानापासून दूर धरला. तिने दोन्ही फोन बंद केले, काकूचा खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

काकूला सांगावं, तर ती पहिल्या बोटीने परत येणार. मशीनशिवाय ती जगणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. टिटवी गप्प बसली. आणि पुढचा नव्वदावा दिवस तिने मुद्दाम जाऊ दिला. भीतीने. ते ती कबूल करते.

एक्याण्णवाव्या दिवशी तिने त्या नंबरवर फोन लावून पाहिला. हा नंबर वापरात नाही, असं रेकॉर्डिंग वाजलं. तिला हायसं वाटलं आणि मग रडू आलं. काकूला मात्र ती नंबर चालू असल्याचंच सांगत राहिली.

आठवडाभराने, एकची बोट गेल्यावर, शहरातून काकूचा फोन आला.

काकू हसत होती...

“त्याचा फोन आला गं. आपल्याच नंबरवरून.”

टिटवीने खणाकडे पाहिलं.

“तुझ्या मागेच उभा आहे म्हणाला. दे बघू त्याच्याकडे फोन पुन्हा.”

खणाचं कुलूप तसंच होतं. केबिनमध्ये ती एकटीच होती. निदान समोर तरी कुणी नव्हतं.

तिने खरं काय ते सांगून टाकलं. नंबर बंद पडू दिल्याचंही. काकूने ते ऐकूनच घेतलं नाही. उद्या येते, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मशीनची वेळ टाकून काकू बोटीतून उतरली. पाय सुजलेले, चेहरा मात्र फुललेला. टिटवीने धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले, आल्या बोटीने परत जा म्हणून विनवलं. काकू तिच्याकडे बघतच नव्हती. ती टिटवीच्या खांद्यावरून मागे बघत होती...

“किती वाळलास रे,” ती म्हणाली.

टिटवीने मागे वळून पाहिलं नाही.

काकू पुन्हा शहरात गेली नाही. सतरा दिवस टिकली.

टिटवी अजून विचारते, नंबर चालू ठेवला असता तर तो फोनवरच थांबला असता का?

मी तिला नाही म्हणतो. खरं तर मला माहीत नाही.