शेजारच्या सीटचा पट्टा

ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप समजावी. मावशीच्या गॅरेजात, रविवारी, भर दुपारी घडलेली ही गोष्ट आहे. आणि आमची मावशी म्हणजे भुतालाही दम भरणारी बाई. गाड्यांच्या वायरिंगमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही.

काका घरीच, झोपेत गेले. त्यांची जुनी गाडी मावशी चालवायला लागली आणि...

शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा दिवा लागायला लागला.

माणूस बसला आणि पट्टा लावला नाही, की लागतो तोच दिवा. सोबत टुंग... टुंग...

सीटवर कोणीच नसायचं.

"आई, मला भीती वाटते," मुलगा म्हणाला. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. देऊन टाक."

"दिवा लागतो म्हणून भंगारात? उद्या मला खोकला झाला तर मलाही देशील!" मावशी भडकली. "त्यांची एवढीच एक गोष्ट उरलीय माझ्याकडे. तो यायच्या आत दोष काढते की नाही बघ!"

तिने सीटखालचा सेन्सर बदलला. वायर चाचपत डॅशबोर्डपर्यंत गेली. कुठे घासलेली नाही, कुठे ओल नाही. मीटरही म्हणे, सगळं ठीक.

किल्ली फिरवली.

टुंग...

शेवटी वैतागून तिने सीटखालचा प्लगच उपटला. आता दिवा लागायचं काही कारणच उरलं नाही.

टुंग... टुंग...

प्लग तिच्या हातात. मुलगा दारात, पांढराफटक.

आणि रिकामी सीट... हळूच दबली.

मावशी दोन पावलं मागे सरली. तोंड मात्र नाही.

"अहो, ऐकताय ना?" ती कडाडली. "गाडी मी विकणार नाही! पण माझ्या शेजारी बसायचं तर पट्टा लावून बसायचं. नाहीतर चालते व्हा!"



पट्टा सर्रकन ओढला गेला...

कट्.

दिवा विझला.

भंगारवाल्याला तिने दारातूनच वाटेला लावलं. गाडी आजही तीच चालवते.

परवा मात्र मला हळूच म्हणाली, "काकांनी उभ्या जन्मात पट्टा लावला नाही गं. रोज त्यावरून भांडण. मी सांगितलं म्हणून तर मुळीच लावला नसता."

"मग... शेजारी कोण बसतंय?"

तिने किल्ली उचलली.

"कोणी का असेना! गाडी माझी आहे. चल, तुला घरी सोडते."

मी गुपचूप मागच्या सीटवर बसले. पट्टा लावला.

माझ्या आधी पुढच्या रिकाम्या सीटवरून आवाज आला होता...

कट्.