दहा पावलं मागं

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर आमची खरी गाठ पडली... दौंडच्या दवाखान्यात, वॉर्डाच्या दारात.

आदल्या दिवशी माझा उजवा गुडघा बदलला होता. सकाळीच सिस्टर हजर. प्रांजल नाव, पोरगी काडीएवढी, पण हुकूम पाटलिणीचा.

"उठा आजी, चालायचंय."

"बाई, कालच कापलाय, आन् आज चालवतीस?"

तिनं वॉकर धरून मला उभं केलंच. दारापर्यंत पोचले तोवर समोरून आमचे हे, चहाची किटली घेऊन.

"आबा, बरं आलात. किटली ठेवा आणि आजींच्या उजव्या बाजूनं चाला. पाठीवर हात ठेवा."

हे घुटमळले. मीही. आमच्या राहू गावात नवरा पुढं आन् बायको दहा पावलं मागं. सासरी आले त्या दिवसापासून मी यांच्या टाचाच बघत आले. कुठल्या टाचेला किती भेगा, डोळे मिटून सांगीन. पण बाजूनं हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. भुवईत एक केस पांढरा... आन् नाक भलतंच सरळ!

"काय बघतीस?" हे कुजबुजले.

"नाक."

"एवढ्या वर्षांत बघितलं न्हाईस?"

"तुम्ही थांबला कवा?"

घरी सोडताना प्रांजलनं यांना समोर बसवून धडाच दिला. उशी गुडघ्याखाली नाही, टाचेखाली ठेवायची, म्हंजी पाय सरळ होतो. गोळी दुखणं चढायच्या आधी, व्यायामाच्या अर्धा तास अगोदर. शेक नको, बर्फ. खुर्चीत बसून पाय मागं ओढायचा. आन् रोज चालायचं, डाव्या हातात काठी, उजव्या बाजूला आबा.

"टाके काढायला याल तेव्हा गुडघा काटकोनात वळला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर आखडेल, आजी. मग एसटीची पायरीसुद्धा चढता येणार नाही."

यांनी सगळं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं. हे सातवी शिकलेले, मी दुसरीत शाळा सोडलेली. वाचणार हे आन् सोसणार मी.

घरी शेजारच्या सखूबाईनं माया दाखवली. गुडघ्याखाली गोधडीची मऊ घडी सारली. काय सुख वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात हे आले, पत्रिका वाचली, घडी ओढली आन् टाचेखाली सारली.

"वैरी हाय का तुम्ही?"

"सिस्टरनं सांगितलंय."

"मग सिस्टरशीच लगीन करायचं!"

"ती गोळी तरी येळेवर घिईल."

गोळी मी घेत नव्हते ते खरं. चार बाळंतपणं पदर दाताखाली धरून काढलेली बाई मी, गोळीला काय भीक घालणार? पण हे पहाटे गुलछडी तोडून यायचे, पंच्यात बर्फ गुंडाळून माझ्या गुडघ्यावर धरून बसायचे. बोटं लालबुंद व्हायची. फुलांचा वास त्या गारव्यातून यायचा...

"बोटं गळतील तुमची."

"गळू दे. गुडघा वाकू दे."

त्या दिवसापासून मी मुकाट गोळी गिळायला लागले.

अडलं ते गल्लीत. अंगण वीतभर, चालायचं तर बाहेरच. आन् तिथं यांच्या हातात हात घालून? सुनेचा पदर ढळला तर जिथं मी गल्लीभर ओरडते, तिथं? आज चक्कर येते, उद्या ऊन आहे, असं करत मी दिवस ढकलले. दहाव्या दिवशी खुर्चीत बसून पाय मागं ओढला, तर... अर्ध्यातच अडकला. टाके काढायला चारच दिवस उरले होते.

हे उठले. चपला घातल्या, गल्लीत जाऊन उभे राहिले आन् हात पुढं केला.

"चल."

"लोक बघत्यात."

"बघू दे. तू माझ्याकडं बघ."

या वयात कान तापले माझे! हात धरला. सखूबाई ओट्यावरच होती.

"अगं बया! नवी नवरी निघाली कुठं?"

"नवरी जुनीच हाय, सखूबाई," मी म्हटलं. "गुडघा नवा हाय."

गल्ली हसली. हेही हसले... आन् हात अजून घट्ट झाला. मग रोज तीन फेऱ्या, गोळी घेऊन, वेळेवर.

टाके निघाले. प्रांजल म्हणाली, "वाकवा." मी डोळे मिटून पाय ओढला.

"काटकोन, आजी! आता नुसती काठी पुरे. धरायला कुणी नको."

आनंद झाला. आन् कुठंतरी खट्टूही वाटलं. दवाखान्याबाहेर हे सवयीनं पुढं निघाले. परत त्याच टाचा.

"अवं!"

हे वळले. मी उजवा हात पुढं केला.

"सिस्टर म्हणली, आता धरायची गरज न्हाई."

"ती गुडघ्याचं बोलली. हाताचं कुठं बोलली?"

हे भर रस्त्यात दहा पावलं मागं आले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.