सातवी जमात

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी बाबांचे चष्मे पुसत होते. ते आता कुणी वापरणार नव्हतं, तरी पुसत होते. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते आणि हाताला काही काम असलं की बरं वाटायचं.

"सात जमाती जास्त होतात," बाई म्हणाल्या. "नव्या माणसाला पहिल्याच प्रकरणात दमवायचं नाही. सहा ठेवू. कुठली काढायची ते तुम्ही ठरवा."

बाबा मोजणी खात्यात नकाशे काढायचे. नोकरीत खऱ्या जमिनीचे आणि घरी, अस्तित्वातच नसलेल्या जमिनीचे. तीस वर्षं दर रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती त्यांनी त्या दुसऱ्या जमिनीवरचा खेळ चालवला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, पात्राची जमात निवडायची, बाबा प्रसंग सांगणार, आणि पात्राला काय जमलं, काय नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. वीस पडले तर कमाल. एक पडला तर फजिती: दोर तुटणार, घोडा बसणार, तलवार आपल्याच पायावर.

त्या खेळाचं पुस्तक छापायला निघालं होतं. मी पोटासाठी मुद्रितं तपासते, त्यामुळे हस्तलिखित साहजिकच माझ्याकडे आलं.

जमातींचं प्रकरण मी पुन्हा काढलं. माणसं, खाणकरी, पाणलोक, शिंगाळे, धुरकट, वाटाडे. प्रत्येकीला एक पान. उंची, आयुर्मान, भीती, आणि शेवटी एकच प्रश्न: खेळायला योग्य? त्याखाली बाबांचं उत्तर. खाणकऱ्यांना लिहिलं होतं, "हो. कुरकुरतात, पण दिवा विझू देत नाहीत."

सातव्या पानावर 'बदली' होते.

"जिथे कुणाची खुर्ची अवेळी रिकामी होते, तिथे हे येऊन बसतात. चेहरा, आवाज, आठवणी, सगळं त्या माणसाचं. आपण बदली आहोत हे त्यांना ठाऊक नसतं. गुण एकच: यांच्या फाशावर एक पडत नाही. आयुर्मान: त्यांची खुर्ची कुणीतरी पुसून ठेवतं तोवर."

खेळायला योग्य? यापुढे "नाही" लिहून खोडलं होतं. पुन्हा "नाही", पुन्हा खोडलेलं. मग शाईने: "हो. हट्टी. वाचनाचं वेड. सोबतीला उत्तम."

काढायची तर हीच, असं मला वाटलं. आपण कोण हे ज्याला माहीतच नाही, ते पात्र खेळणार कोण?

रविवारी आत्या आणि दातवाले काका आले. बाबांनंतर खेळ थांबला होता, पण दोघं तीन वाजता येऊन आपापल्या खुर्चीत बसायचे. आत्या तीस वर्षं एकच खाणकरीण खेळत आली होती. काकांचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. त्यांची पात्रं दर दोन महिन्यांनी मरायची.

"पाणलोक काढ," काका म्हणाले. "मी चारदा घेतले, चारदा बुडालो. पोहता न येणारे पाणलोक जगात माझेच."

"तुमच्या फाशाचा दोष तो," आत्या म्हणाली. "जमातीला का नावं ठेवता?"

"फासा कधी ऐकलाय माझं? म्हणून तर अडलं की हिला टाकायला लावायचो. हिचा हात लागला की काम फत्ते."

ते खरं होतं. लहानपणापासून कोणाचंही पात्र कड्यावर लटकलं की फासा माझ्या पुढ्यात यायचा. घरातला जुना विनोद होता तो.

"मी बदली काढायचं म्हणतेय," मी म्हणाले.

काकांनी बशीतलं बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. आत्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"ती असू दे," ती म्हणाली.

"का?"

"तुझ्या बाबांनी ठेवलीय ना? मग असू दे."

दुसऱ्या दिवशी मी संपादकबाईंना सांगितलं की बदलींबद्दल निर्णय होत नाहीये. त्या म्हणाल्या, "मला ती जमात आवडलीय खरं तर. पण एक पडतच नाही, हा गुण भारी होत नाही ना? कोणी खेळून पाहिलंय का? नोंदी असतील तर बघा."

नोंदी होत्या. बाबा प्रत्येक फाशाची नोंद ठेवायचे. खेळणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर, तारीख, पडलेला आकडा. फाशाला जाब विचारता आला पाहिजे, असं ते म्हणायचे. नकाशांच्या कपाटाच्या खालच्या खणात एकतीस वह्या होत्या.

बदली घेऊन कोणीतरी खेळलं असेल, तर त्याच्या नोंदींत एक सापडणार नाही. असा रकाना शोधायचा, इतकंच काम. मी पेन्सिल घेऊन बसले. आत्याचे एक भरपूर होते. काकांचे मोजता मोजता मला हसू आलं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग माझा रकाना.

मी नऊ वर्षांची असताना खेळायला लागले. पहिल्या दोन वह्यांत माझ्या रकान्यात सोळा वेळा एक आहे. त्यातला एक मला आठवतो. माझ्या पात्राचं शिंगरू विहिरीत पडलं होतं आणि मी जेवले नव्हते. नंतर तीन रविवार कोरे आहेत. तेव्हा मला ताप आला होता आणि मी रुग्णालयात होते. त्यातलं एवढंच आठवतं: पांढरा पडदा, आणि आईचा हात.

त्यानंतर माझ्या रकान्यात एक नाही.

मी तिसरी वही पाहिली, चौथी, सातवी. मोजताना चूक झाली असणार. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून मी उलटीकडून मोजलं. मग आकड्यांवर पट्टी ठेवून एकेक. तापानंतर एकतिसाव्या वहीपर्यंत माझ्या चार हजार एकशे बारा नोंदी होत्या. साधारण दोनशे वेळा एक पडायला हवा होता.

मी सातव्या पानाची तारीख पाहिली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होती. मी घरी परतले त्यानंतरचा पहिला रविवार.

फासा टेबलावरच होता. मी शंभर वेळा टाकला. दोन पडले, तीन पडले, एकोणीस पडले. मग हात थांबवला. थकवा आला होता. भीती वाटायलाही ताकद लागते.

पुढच्या रविवारी काका यायच्या आधी मी आत्याला गाठलं. ती स्वयंपाकघरात कप विसळत होती.

"मी रुग्णालयातून आले," मी म्हणाले, "त्याच वर्षी आई मावशीकडे राहायला गेली. हवा मानवत नव्हती, असं सांगायचे तुम्ही सगळे."

आत्याने नळ बंद केला नाही.

"वहिनीला जमलं नाही," ती म्हणाली. "तिची चूक नव्हती, पोरी. ती शेवटपर्यंत तिथे पलंगाशी होती. आम्ही बाहेर होतो."

"शेवटपर्यंत म्हणजे?"

"कप पूस."

मी पुसला.

"दादाने मला एकदाच सांगितलं," ती म्हणाली. "मी पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, जेवते ना, हसते ना, माझ्या मांडीवर झोपते ना. मग झालं तर. तुझी खुर्ची मात्र रोज सकाळी तोच पुसायचा. आजारी पडला तेव्हा मला सांगून ठेवलं."

मला आठवलं, बाबा गेल्यापासून आत्या रोज सकाळी यायची. मला वाटायचं, माझी विचारपूस करायला.

त्याच संध्याकाळी मी संपादकबाईंना कळवलं: बदली राहतील, पाणलोक काढा. त्यांनी कारण विचारलं नाही. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सुटलो," आणि माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिनाअखेरीस घर रिकामं करून द्यायचं होतं. टेबल न्यायला माणसं आली. पाच खुर्च्या त्याच्यासोबत गेल्या. सहावीच्या पाठीला हात लावून आत्या उभी राहिली. तिला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, पण खुर्ची तिने हमालाला उचलू दिली नाही. मी एक बाजू धरली, तिने दुसरी. तिच्या घरी जाताना टॅक्सीत ती मागच्या सीटवर खुर्चीला धरून बसली होती.

तेव्हापासून तिचा रोज सकाळी आठला निरोप येतो. दोनच शब्द: "खुर्ची पुसली." मी "बरं" लिहिते. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

आज पुस्तकाची शेवटची मुद्रितं आली. सकाळपासून तीच वाचतेय. बदलींच्या पानावर एकही चूक नाही. अकरा वाजून गेलेत. निरोप आलेला नाही. मी दोनदा फोन केला, नुसता वाजत राहिला. काकांना केला; ते म्हणाले, "निघतोच, किल्ली आहे माझ्याकडे," आणि आवाज मुद्दाम साधा ठेवला.

बाबांचा फासा मी कागद उडू नयेत म्हणून मुद्रितांवर ठेवते. पान उलटताना त्याला कोपर लागलं. तो घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि चष्म्याच्या डबीला टेकून थांबला.

मी वाकून पाहिलं.

एक पडला होता.