शरणप्पाची दाद

उदगीरच्या बसस्टँडसमोर मी चहा पीत होतो. पाठीमागं दोघं बोलत होते. एक म्हणाला, "त्या कापडवाल्या संगमेश्वरचा आवाज गेला म्हणं. मेलेल्या शरणप्पानं रात्री घरात येऊन त्याचा..." तेवढ्यात देवणीची गाडी लागली. दोघंही पेले टेकवून पळाले. पुढचं त्यांच्यासोबत गाडीत बसून गेलं.

आता संगमेश्वर पडला माझा शेजारी. त्याची माझी भिंत एक. त्याच्या कुकरच्या शिट्ट्या माझी बायको मोजते. मग अर्धी गोष्ट माझ्या पोटात कशी राहील? मी सगळी काढली. थोडी त्याच्याकडून, थोडी बसम्माअक्काकडून. पोरांनो, लाइट गेलीय, ती येईपर्यंत सांगतो. ऋतुजा, तो माझा मोबाइल पालथा ठेव. उजेड नको.

गोष्ट गेल्या येळवसेची, म्हणजे वेळ अमावास्येची.

येळवसेला आपल्याकडं गल्लीत माणूस राहत नाही, सगळे शेतात भज्जी-आंबील खायला. संगमेश्वरनं सकाळीच बायको-पोरांना शेतावर सोडलं आणि आपण स्कूटर देवणी रोडला वळवली. काम साधं होतं. बसम्माअक्काची टेप तिला परत द्यायची.

ही बसम्माअक्का म्हणजे शरणप्पाची बायको. शरणप्पा आडतीचा व्यापारी, पण गाण्याचा लई नाद. हैदराबादकडं जाणारा गवई दिसला की त्याला गाडीतून उतरवून घरी आणायचा. असेच एकदा मल्लय्याबुवा त्याच्या दिवाणखान्यात बिहाग राग गायले. शरणप्पानं तो मोठ्या चकत्यांच्या स्पूल मशीनवर धरून ठेवला. बुवा लवकरच गेले. त्यांचं दुसरं गाणं कुठं उरलं नाही.

त्या टेपवर शरणप्पाचीही दाद होती. तो वाहवा करायचा नाही, हात उडवायचा नाही. गाणारा फिरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की शरणप्पाच्या तोंडून घशातल्या घशात एकच शब्द यायचा, आपल्याकडचा 'हो'. "हाव." कुणीतरी घरातली खरी गोष्ट विचारावी आणि आपण कबूल व्हावं, तसा.

शरणप्पा वारला. मशीनही बंद पडलं. अक्का टेप घेऊन देवणी रोडच्या शेतातल्या घरी राहायला गेली.

इकडं संगमेश्वर मोबाइलवरच्या 'सूरसंगत' ग्रुपात. नियम असा की जेवणं झाल्यावर प्रत्येकानं लिहायचं, आज काय ऐकतोय. राग कोणता, गाणारा कोण, टेप कुठली. ऐकायला किती गोड! पण तो आखाडा होता. लातूरचे भागवत सर, रिटायर प्राध्यापक, त्यांनी तर संगमेश्वरलाच धरलेलं. तो काहीही टाको, खाली सरांचं हजर: "ही तर पानटपरीवर वाजते. स्वतःजवळचं काही असलं तर सांगा. का नुसतं कापडच मोजता?" त्याच्याखाली दहा जणांची हसरी तोंडं. संगमेश्वर रात्रभर ती तोंडं बघत पडायचा.

म्हणून येळवसेच्या आधी तो टेप मागायला अक्काकडं गेला होता. अक्कानं टेप दिली. म्हणाली, "घेऊन जा तम्मा. पण मोबाइलवर घालून दे मला. गाणं मला कळत न्हाई. मला त्यांचा तेवढा हाव पाहिजे. दुसरीकडं कुठं त्यांचा आवाज न्हाई."

"देतो की अक्का, तेच्यात काय!"

शरणप्पाचं मशीन दुरुस्त झालं. बिहाग कॉम्प्युटरवर उतरला. संगमेश्वरनं ऐटीत एक तुकडा ग्रुपवर टाकला. सरांचं आलं, "गाणं उत्तम. मधी हा रेडा कोण हंबरतोय?"

पुन्हा हसरी तोंडं.

संगमेश्वरच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं कॉम्प्युटरवर बसून तांदळातले खडे वेचावेत तसे शरणप्पाचे हाव वेचून काढले. एकही ठेवला नाही. आणि मग त्यानं ते केलं, जे फक्त अशा नादातला माणूस करतो. उद्या अक्कानं टेप भागवत सरांना दिली तर? त्यानं टेप मशीनवर चढवली, माइक न लावता रेकॉर्डचं बटण दाबलं आणि सगळी टेप कोरी करून टाकली. आता जगात प्रत एक. ती त्याच्याकडं.

ती कोरी टेप घेऊन तो येळवसेला अक्कासमोर बसला होता.

"मोबाइलवर घातलास?" अक्कानं विचारलं.

"गाणं माझ्याकडं कॉम्प्युटरवर उतरलंय अक्का. पण टेप लई जुनी. तुमच्या मालकाचा आवाज उडाला. गाणं तेवढं राहिलं."

 "गाणं राहिलं. आन हाव तेवढे उडाले?"

"हाव... म्हणजे, तसंच झालं."

तिनं टेप घेतली, फडताळात शरणप्पाच्या टोपीशेजारी ठेवली. मग तांब्याभर आंबील आणून त्याच्यापुढं ठेवली. सणाचा दिवस, आलेल्याला तसं कसं पाठवणार. तो पिऊन उठला तेव्हा एवढंच बोलली, "गेल्यावर बी ते रोज ऐकत बसायचे बघ माझ्याजवळ. मशीन बंद असलं तरी. आता गाणं तुझ्याकडं गेलं. तिकडं येतील."

संगमेश्वर हसला. म्हातारं माणूस, काय बोलायचं!

रात्री तो एकटाच गावात आला. बायको-पोरं शेतावरच. गल्लीत एकाही घरात दिवा नव्हता. माझ्याही नव्हता, आम्ही अजून वाटेत होतो. त्यानं वरच्या खोलीत कॉम्प्युटर लावला आणि ग्रुपवर लिहिलं: "आज ऐकतोय बिहाग, मल्लय्याबुवा. खासगी बैठक. एकमेव प्रत, माझ्या संग्रहातून."

सर जागेच. "प्रत पाठवा."

"पाठवणार न्हाई."

"मग तुमच्याकडं हाय कशावरून?"

संगमेश्वरनं बिहाग लावला आणि मोबाइल तोंडाजवळ धरून बोलला, "ऐका सर. कान साफ करून ऐका. असलं तुमच्या बापानं ऐकलं नसंल." पाठवून दिलं.

थोड्या वेळानं सरांचं आलं. "गाणं ऐकलं. तुम्ही का गप्प?"

त्यानं स्वतः लावून बघितलं. गाणं होतं. पंख्याची घरघर होती. लांब कुठं कुत्रं भुंकलं, ते होतं. तो नव्हता.

पुन्हा बोलला. मोठ्यानं. पुन्हा लावलं.

पंखा. गाणं. कुत्रं.

मोबाइल बिघडला म्हणून त्यानं तो ठेवला. बुवांची विलंबित लय, संथ. ते फिरून फिरून समेकडं निघाले. समेवर आले.

"हाव."

संगमेश्वर सरळ झाला. एखादा काढायचा राहिला वाटतं... त्यानं तेवढी जागा मागं घेऊन पुन्हा लावली. बुवा समेवर आले. स्वच्छ. काही नाही.

पण आवाज आला. स्पीकरमधून नाही. पाठीमागून, दाराकडून.

"हाव."

त्यानं गाणं बंद केलं. पंखाही बंद केला.

शांत.

आता पोरांनो, ज्याला गाण्याचा नाद आहे त्याला एक वाईट खोड असते. गाणं थांबलं तरी डोक्यातला ताल थांबत नाही. संगमेश्वरचा ताल सुरूच राहिला. बंद खोलीत, नको नको म्हणत, तो मनात ठेका धरून बसला. पुढची सम कुठं पडणार, ते त्याला कळत होतं. ती जवळ येत होती. त्याला थांबवता येईना. मात्रा संपत आल्या... दोन राहिल्या... एक...

"हाव."

या वेळी पलंगापाशी.

तो उठला नाही. उठवेना. बोटं आपोआप मांडीवर पडत होती. पुन्हा आवर्तन. लांब. लई लांब. त्यानं बोटं आवळून धरली. तरी आत ठेका चालूच. आली... सम आली...

"हाव."

खुर्चीच्या पाठीशी. कानाला गार लागलं.

आता पुढची.

पुढची कुठं पडणार?

त्यानं घसा दोन्ही हातांनी धरला...

आम्ही नुकतेच गाडीतून उतरत होतो. जिन्यावरून तो धडपडत आला आणि माझ्या अंगावर पडला. ओरडत होता. "अक्का, चुकलो! अक्का, चुकलो!" सगळी गल्ली दणाणली. म्हणजे बघा, त्याचा आवाज गेला, ही बसस्टँडवरची गोष्ट खरी नाही. मी या कानांनी ऐकला. आजही दुकानात गिऱ्हाइकावर खेकसतो, तो रस्त्यापर्यंत येतो.

दुसऱ्या दिवशी तो अक्काच्या पायावर पडला. सगळं सांगितलं. अक्का चिडली नाही, रडली नाही. तिनं आपला मोबाइल काढला, पुतण्याकडून रेकॉर्ड करायचं शिकून घेतलं होतं, आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"बोल तम्मा."

"काय बोलू अक्का?"

"काय बी बोल. माफी माग, न्हाईतर कापडाचा भाव सांग."

तो बोलला. रडत रडत बोलला. अक्कानं ते लावलं. त्याचा एक शब्द त्यात नव्हता. फडताळाचं दार करकरलं, बाहेर बैल हंबरला, तेवढं होतं. आणि मग, मधल्या मोकळ्या जागेत, घशातल्या घशात...

तेव्हापासून ग्रुप सुटला त्याचा. दर अमावास्येला तो देवणी रोडला जातो. अक्का मोबाइल धरते, तो पुढं बसून बोलत राहतो. घरचं, दारचं, काहीही. मग तिला हवं ते मिळालं की ती म्हणते, "बास. आता जा." तो निघतो, तेव्हा ती उशाशी मोबाइल ठेवून आडवी झालेली असते.

माझा विश्वास नव्हता. म्हणून परवा दुकानात मी गुपचूप रेकॉर्ड केलं. धोतरजोडीचा भाव विचारला, त्यानं सांगितला, मी घासाघीस केली. ऋतुजा, घे आता तो मोबाइल. शेवटचं रेकॉर्डिंग आहे ते. लाव.

हे ऐका. हा मी. "किती म्हणालास?"

आता तो सांगतोय...

ऐकू आलं?