डावं पान, उजवं पान

दारावर टकटक झाली तेव्हा मी डाव्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत कशीबशी पोचले होते. दारात एक उंच माणूस, खांद्याला चामड्याची पिशवी, चेहऱ्यावर काळजी. आवाजाची तक्रार घेऊन आला असणार, म्हणून मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानंच आधी मागितली.

"माफ करा, मी खाली नृत्यशाळेचा पियानो सुरात लावायला आलोय. तासभर तुमचं ऐकतोय. यात गाणं... कधी सुरू होतं?"

"उजव्या पानावर," मी सांगितलं. "आधी हे डावं संपवावं लागतं ना."

आत येऊन पुस्तक बघू का, असं त्यानं फार अदबीनं विचारलं.

पियानो माझा नव्हता. आधीच्या भाडेकरूंना तो जिन्यातून उतरवता आला नाही, म्हणून घराबरोबर मला मिळाला. शिकवणीचं पुस्तक त्याच्याच बाकात सापडलं. मी दवाखान्याचं औषधभांडार सांभाळते. दिवसभर खोकी आणि नोंदी. तिथे डावं पान भरलं की उजवं सुरू करायचं, हा धर्म. तसंच मी इथेही चालवलं होतं. सहा आठवडे डाव्या पानावर नुसती धुमधुम! वाटायचं, संगीतात आधी हमाली करावी लागते, गोडवा नंतर.

त्यानं पान पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. हसू दाबताना या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मी तिथल्या तिथे टिपून घेतलं.

"हे दोघांचं आहे," तो म्हणाला. "डावं पान एकाचं, उजवं दुसऱ्याचं. एकाच वेळी वाजवायचं."

पायाखालची फरशी सरकली तर बरं, असं वाटलं. पण तो हसला नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसला आणि म्हणाला, "तुम्ही उजवं घ्या. मी आहे."

मी अडखळत निघाले. जिथे माझं बोट चुकायचं तिथे तो हळूच थांबायचा, जणू तिथे थांबायचंच होतं. त्या धुमधुमीवर सूर चढत गेले... मी चौतीस वर्षांची, मला कुणी चुकताना इतकं सांभाळून घेतलं नव्हतं.

त्यानंतर तो दर शनिवारी दुपारी येऊ लागला. एकदा तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचं लोकरी अस्तर झिजलं म्हणून, एकदा पायाखालचं पेडल कुरकुरतं म्हणून. काम अर्ध्या तासाचं, मुक्काम संध्याकाळपर्यंत. अंगठा बोटांखालून कसा न्यायचा हे त्यानं शिकवलं. माझा हात बघून एकदा म्हणाला, "पट्टीवर शिक्का मारू नका, नुसतं दाबा." माझ्या वहिनीनं फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दुरुस्ती नक्की पियानोची चाललीय ना? मी विषय बदलला. वहिनीला विषय बदललेला लगेच कळतो.

मग एका शनिवारी, डोकं पियानोच्या पोटात घालूनच, त्यानं सांगितलं की दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या सभागृहानं कायमची नोकरी देऊ केलीय. येत्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी कळवायचंय, म्हणजे अजून नऊ दिवस.

"अभिनंदन," मी म्हणाले. बाई हिशेबी असली की नको तिथे नेमका शिष्टाचार सुचतो.

त्यानं झाकण लावलं, आता सहा महिने याला हात लावायची गरज नाही म्हणाला, आणि गेला.

गुरुवारपर्यंत मी तग धरला. मग फोन केला, वरची एक काळी पट्टी अडकतेय म्हणून. धडधडीत खोटं.

शनिवारी तो आला. ती पट्टी दहा-बारा वेळा दाबून पाहिली.

"ही अडकत नाही."

"नाही."

"कधी अडकली होती?"

"कधीच नाही," मी म्हणाले. "तुम्ही यावं असं वाटत होतं... आणि मला दुसरं कारण सापडेना."

त्याचे कान लाल झाले. पण ओठ मिटलेले नव्हते. त्यानं मधली एक पांढरी पट्टी दाबली. "ही कशी वाटते?"

"छान."

"नीट ऐका."

"छानच आहे की."

तो स्टुलावर बसला, दमल्यासारखा. "एका पट्टीला तीन तारा असतात. हिची एक मी गेल्या वेळी मुद्दाम सैल सोडली. बारा वर्षांत असलं काम पहिल्यांदा केलं, झोप लागली नाही मला. आवाज असा थरथरतोय की खालच्या नाचणाऱ्या पोरींनाही कळेल. म्हटलं, दोन दिवसांत तुमचा फोन येईल."

"मला कळलंच नाही."

"आता कळतंय मला. मी समजलो, कळूनही बोलावत नाही. काळ्या पट्टीचा फोन आला तेव्हा तर वाटलं, तुम्हाला ही सैल तार चालते, फक्त काळी पट्टी नीट हवी, मी नको..." त्यानं खिशावर हात ठेवला. "होकाराचं पत्र लिहून आणलंय. इथून जाताना टपालात टाकणार होतो."

माझ्या कच्च्या कानाचे मी त्या दिवशी मनातल्या मनात किती आभार मानले, सांगून खरं वाटणार नाही. कान तयार असता तर मी त्या तारेची तक्रार केली असती, त्यानं ती ओढली असती, आणि आम्ही दोघंही कामाआड लपून एकमेकांना निरोप दिला असता.

"टाकू नका," मी म्हणाले. "इथेच राहा. माझ्याजवळ."

त्यानं पत्र काढून माझ्या हातात दिलं. मग पिशवीतून पाना काढला.

"राहू द्या ना ती सैल," मी म्हणाले.

"नको. आता यायला कारण लागणार नाही."

त्यानं सांगितलं तशी मी पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, तो तार ओढत राहिला. थरथर थांबली, आणि ती होती हे मला तेव्हा कुठे ऐकू आलं.